प्रीतीची कारकुनी

तीन वर्षांची मुदत, नऊ रकाने, एक टेलिफोन आणि शेजारच्या घरात राहणारी एक मुलगी, एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर जपानातील कोनामी नावाच्या कंपनीने २७ मे १९९४ रोजी प्रेमाचे जे खाते उघडले, त्याचा कारभार बारकाईने न्याहाळल्यावर माझी अशी खात्री पटली आहे की, प्रणय हा कवींच्या हाती राहिला तोवरच सुखाचा होता. तो एकदा कारकुनांच्या हाती गेला म्हणजे त्यात हजेरीपट, ताळेबंद, तक्रारअर्ज आणि सरतेशेवटी कोर्टकचेरी हे सर्व ओघानेच येते. या खात्याचे नाव ‘तोकिमेकी मेमोरिअल’. पीसी इंजिन नावाच्या यंत्रावर खेळावयाचा हा खेळ. त्यात तलवार नाही, मोटार नाही, राक्षस नाही. एका विद्यार्थ्याने शाळेची तीन वर्षे अशा रीतीने पार पाडावयाची की, निरोपाच्या दिवशी कोणीतरी त्याला ‘तू मला आवडतोस’ असे सांगावे, एवढाच या खेळाचा पुरुषार्थ आहे.

जपानात खेळाच्या नावाखाली वाचावयाच्या कादंबऱ्यांचे एक मोठे घराणे नांदते. पडद्यावर एक मुलगी उभी असते, खाली चौकटीत मजकूर उमटत असतो, आणि वाचकाने तो वाचीत जाऊन मधूनमधून पुढ्यात ठेवलेल्या दोनतीन पर्यायांपैकी एक पत्करून आपले नशीब ठरवावयाचे असते. ‘तोकिमेकी’ हे त्याच घराण्याशी सोयरीक असलेले, पण जमाखर्च लिहिणारे घर. येथे वाचनाला फाटा दिलेला नाही, परंतु प्रत्येक गोड वाक्याची किंमत आधी आकड्यांत भरावी लागते. ज्या इगाराशी कोजींचे नाव पुढे ‘कॅसलव्हेनिया’ नावाच्या खेळातील रक्तपिपासू उमरावांशी जोडले गेले, त्यांनीच या खेळाचे कथालेखन केले आहे, हे वाचून कोणास नवल वाटेल, मला वाटत नाही. दोन्हीकडे नायकाचे रक्तच आटते.

कथानायक किरामेकी विद्यालयात दाखल होतो. त्याच्या शेजारी राहणारी आणि लहानपणापासून ओळखीची शिओरी फुजिसाकी त्याच शाळेत आहे. ती रूपवती आहे, अभ्यासात पुढे आहे, खेळात मागे नाही, स्वभावाने सौम्य आहे. थोडक्यात, तिच्यात एकही दोष नाही, हाच तिच्यापासून उद्भवणाऱ्या सर्व हालअपेष्टांचा उगम आहे. शाळेच्या आवारात एक जुनाट वृक्ष आहे, आणि निरोपाच्या दिवशी त्या वृक्षाखाली एखाद्या मुलीने आपले मन मोकळे केले, तर ते जोडपे जन्मभर सुखी राहते अशी आख्यायिका आहे. या आख्यायिकेतील मेख वाचकांच्या ध्यानी यावी. बोलावयाचे मुलीने, तीन वर्षे राबावयाचे मात्र मुलाने. उमेदवाराला अर्ज करण्याचा अधिकारच नाही. अर्ज आपल्याकडे यावा एवढ्या लायकीचे होण्याचा तेवढा अधिकार आहे.

आणि ही लायकी मोघम नव्हे. प्रकृती, भाषाविषय, शास्त्रविषय, कला, व्यायाम, सामान्यज्ञान, रूप, जिद्द आणि मनस्ताप असे नऊ रकाने पडद्यावर सदैव उघडे असतात, आणि नायकाने आठवड्याच्या आरंभी हुकूम काढावयाचा की, या आठवड्यात अमुक एक करावयाचे. विज्ञान घोकले की शास्त्राचा आकडा चढतो, पण दुसरा एखादा हळूच उतरतो. आरशासमोर उभे राहिले की रूप वाढते, पण विद्या झिजते. सर्वच वाढवू म्हटले तर मनस्ताप वाढतो, आणि विश्रांतीकडे दुर्लक्ष केले तर नायक अंथरूण धरतो व आठवडा फुकट जातो. आमच्याकडे पत्रिकेतले छत्तीस गुण जुळतात की नाही हे जोशीबुवा एका बैठकीत पाहून दक्षिणा घेऊन मोकळे होतात. येथे वराने ते गुण स्वतःच्या घामाने तीन वर्षे पैदा करावयाचे, आणि तेही वधूला पत्ता लागू न देता.

इतके करूनही पहिल्या दिवसांत शिओरीला ‘चल, बरोबर घरी जाऊ’ म्हणावे, तर ती अत्यंत आर्जवाने नकार देते. आपल्याला एकत्र पाहून मैत्रिणींत कुजबूज होईल आणि मला लाज वाटेल, अशी तिची सबब. वास्तविक दोघांची घरे शेजारी, रस्ता एक, सुटण्याची वेळ एक. म्हणजे बरोबर न जाण्यासाठीच दोघांपैकी एकाला खास तजवीज करून मागे रेंगाळावे लागणार. तथापि नकाराचे हे वाक्य जपानी खेळाडूंच्या एका पिढीच्या काळजात असे रुतून बसले की, त्यांतील कित्येकांना स्वतःच्या शाळेतील खरे नकार आठवत नसतील, पण हा आठवतो. कठोर नकार माणूस विसरतो. सभ्य नकाराला औषध नाही.

खरी गंमत यापुढे सुरू होते. शिओरीची मर्जी संपादन करण्यासाठी नायक गुणसंपन्न होऊ लागतो, आणि गुणसंपन्न होणे हा या जगात निरुपद्रवी व्यवहार नाही. शास्त्राचा आकडा चढला की युइना हिमोओ प्रकट होते. तिला जग जिंकावयाचे असून त्या कामी तिला एक सहायक हवा असतो. भाषाविषय सुधारले की चष्मा लावणारी, पुस्तकांत बुडालेली मिओ किसारागी भेटते. कलेत गती आली की बोलण्यात इंग्रजी शब्दांची पखरण करणारी आयाको कातागिरी, व्यायामाने अंग कमावले की जलतरणपटू नोझोमी कियोकावा, आरशाची साधना फळली की चाहत्यांच्या ताफ्यासह वावरणारी मिरा कागामी. जिद्दी माणसाच्या शोधात असलेली, उत्तम स्वयंपाक करणारी साकी निजिनो तर साऱ्या देशाची लाडकी ठरली. ज्या गुणांनी एकीला जिंकावयाचे, तेच गुण बाकीच्या सगळ्यांना निमंत्रणे धाडीत सुटतात. निर्गुण माणसाच्या वाट्याला फार तर एकटेपण येते. सद्गुणी माणसाच्या वाट्याला जी गर्दी येते, तिचा विचार आमच्या नीतिपाठांच्या लेखकांनी केलेला दिसत नाही.

बरे, या गर्दीकडे पाठ फिरवून एकनिष्ठ राहावे म्हटले, तर त्याचीही सोय नाही. ओळख झालेल्या मुलीला फार दिवस विचारले नाही, की ती मनातल्या मनात दुखावते. दुखावणे वाढत गेले की तिच्या नावासमोर एक बॉम्ब काढलेला दिसू लागतो, चांगला काळाकुळकुळीत, वात लावलेला. तोही दुर्लक्षिला, तर एके दिवशी फुटतो. फुटतो म्हणजे नायकाच्या वागणुकीची वार्ता शाळेत षट्कर्णी होते आणि एकजात सर्व मुलींचे त्याच्याविषयीचे मत खाली येते, शिओरीचे धरून. तात्पर्य, शिओरीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या तरुणाने तिच्याच प्रेमाखातर उरलेल्या सगळ्याजणींना पाळीपाळीने प्राणिसंग्रहालय, मत्स्यालय, चित्रपटगृह आणि तारांगण दाखवून आणणे हे त्याचे कर्तव्य ठरते. वर्षाचे रविवार बावन्न, त्यांत कोणाचा वाढदिवस, कोणाचा बॉम्ब. टेलिफोनवरून तारीख मुक्रर करावयाची, ती ध्यानात ठेवावयाची, आणि एका तारखेला दोघींना शब्द दिला तर पुढचा बंदोबस्त दैवावर सोपवावयाचा. व्यभिचाराने संसार मोडल्याच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. एकनिष्ठेच्या सोयीसाठी इतका पद्धतशीर बाहेरख्यालीपणा करावा लागल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

प्रत्येक सहलीत एक तोंडी परीक्षा असते. मुलगी समोरच्या देखाव्याविषयी काहीतरी म्हणते आणि नायकापुढे तीन उत्तरे उभी राहतात. जे उत्तर नोझोमीला उत्साहवर्धक वाटते, तेच मिओला उथळ वाटते, आणि युइनासमोर ते उच्चारण्यात तर जिवाची जोखीम. अनुभवी खेळाडू म्हणून कोणाला म्हणावे, तर ज्याला स्वतःचे मत उरलेले नाही आणि समोरच्या व्यक्तीप्रमाणे योग्य ते मत तत्काळ सापडते त्याला. हा खेळ मुलांना बिघडवतो असा आक्षेप वडीलधाऱ्यांनी घेतला असेल, तर त्यांनी तो नीट पाहिला नसावा. कोणत्याही दरबारात टिकून राहण्याचे इतके स्वस्त शिक्षण अन्यत्र मिळणे कठीण.

या सर्व उलाढालीचे दफ्तर योशिओ साओतोमे या मित्राकडे आहे. शाळेतील प्रत्येक मुलीचा दूरध्वनी क्रमांक, वाढदिवस, छंद आणि विचारू नये असा इतर तपशीलही याच्या टाचणवहीत सापडतो. कोण खूश आहे, कोण नाराज आहे आणि कोणाच्या नावापुढे वात पेटली आहे, हेही त्यालाच फोन करून विचारावे लागते. त्याला स्वतःला प्रेमाची अतोनात हौस आहे. परंतु पराक्रम राऊताने करावा आणि फडणिसाने तो लिहून ठेवावा, या पुरातन न्यायाने त्याच्या वाट्याला केवळ लेखणी आली. त्याचे दुर्दैव एवढ्यावर थांबत नाही. त्याची कुस्तीवेडी धाकटी बहीण युमी दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत येते आणि नायकाच्या मागे लागते. म्हणजे या बिचाऱ्याला आपल्या सख्ख्या बहिणीच्या मनःस्थितीचाही अहवाल त्याच तटस्थपणे सादर करावा लागतो. मला या संपूर्ण कथेत खरे पात्र वाटते ते हेच.

श्रीमंत इजुइन घराण्याच्या नाताळच्या मेजवानीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दर वर्षी त्या हवेलीवर मेजवानी असते, आमंत्रण असते, पण दरवाजावर पहारेकरी असतो, आणि नायकाच्या रूपाचा रकाना पुरेसा भरला नसेल तर तो त्याला दारातूनच परत पाठवतो. माणसाच्या तोंडावर ‘तुझे तोंड चालण्यासारखे नाही’ असे सांगणारा हा प्रामाणिक सेवक. बाकीचे जग तेच मनात ठेवते. त्या घराण्याचा वारस रेइ हा नायकाला उठल्याबसल्या हिणवणारा गर्विष्ठ तरुण आहे, आणि तो तरुण नसून घराण्याच्या रिवाजापायी मुलाच्या वेषात वाढवलेली मुलगी आहे, हे गुपित फार थोड्या भाग्यवंतांना वृक्षाखाली कळते. तीन वर्षे दररोज भेटणाऱ्या माणसाविषयी एवढीही माहिती ज्याच्या वहीत नव्हती, त्या योशिओची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल!

शेवटच्या दिवशी टेबलात चिठ्ठी सापडली तर वृक्षाकडे धाव घ्यावयाची. चिठ्ठी नसेल, तर तीन वर्षांच्या हजेरीपटाचे एकूण फळ शून्य. परंतु कंपनीने अशा पराभूतांची उपेक्षा केलेली नाही. त्यांच्यासाठी ‘रडव्या पुरुषांचे गीत’ अशा अर्थाच्या नावाचे एक खास पद रचून ठेवले आहे. नापासांसाठी स्वतंत्र संगीत ही सुधारणा आमच्या विद्यापीठांनी अवश्य विचारात घ्यावी.

पुढे जे घडले ते कोणत्याही यशस्वी संस्थानासारखेच. १९९५ मध्ये हा खेळ प्लेस्टेशनवर आला, १९९६ मध्ये सॅटर्न आणि सुपर फॅमिकॉम या यंत्रांवर. मुली रंगीत गोट्यांच्या कोड्यात शिरल्या, रेडिओवर बोलू लागल्या. १९९६ मध्ये खुद्द शिओरीच्या नावावर गाण्याची तबकडी निघाली, आणि जी अस्तित्वात नाही तिने गायलेले गाणे लोकांनी रोख पैसे मोजून घेतले. १९९७ मध्ये काझुए फुकिइशी या नवोदित अभिनेत्रीला शिओरीच्या भूमिकेत घेऊन हाडामांसाचा चित्रपटही झाला. त्याच वर्षापासून १९९९ पर्यंत हिदेओ कोजिमा यांच्या देखरेखीखाली तीन ‘नाट्यखेळ’ निघाले. पहिल्यात फुटबॉल आणि साकी, दुसऱ्यात आयाको आणि गाणीबजावणी, तिसऱ्यात शिओरी. हेच कोजिमा मधल्या काळात, १९९८ मध्ये, ‘मेटल गियर सॉलिड’ या हेरगिरीच्या खेळात नायकाला पुठ्ठ्याच्या खोक्याखाली लपवून शत्रूच्या छावणीत फिरवीत होते. बॉम्ब निकामी करण्याचा सराव त्यांना कोठे झाला असावा, याविषयी मी तर्क करू इच्छीत नाही.

१९९९ च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला तो पाच तबकड्यांवर, आणि त्यात अशी करामत होती की, खेळाडूने आपले नाव लिहून द्यावे व नायिकेने ते त्याला उच्चारून दाखवावे. दुसऱ्याच्या तोंडून आपले नाव ऐकण्याची माणसाला केवढी भूक असते, हे त्या पाच तबकड्यांच्या वजनावरून कळावे. पण कळस झाला तो २००० साली. तिसऱ्या भागाच्या निर्मितीसाठी कंपनीने चक्क सामान्य जनतेकडून गुंतवणुकीच्या रूपाने भांडवल उभे केले आणि भांडवलदारांची नावे खेळाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत झळकतील अशी लालूच दाखवली. आजवर प्रेमात पैसा बुडवणारे पुष्कळ झाले. प्रेमात पैसा गुंतवून त्याची रीतसर पावती घेणारे हेच पहिले. २००२ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी शाखा निघाली, तीत नायिका राबते आणि तरुण निवड करतात. ज्यांना हा पुरुषजातीवरचाच अन्याय वाटत होता, त्यांची तक्रार अशा रीतीने निकालात निघाली.

आता या खेळावरून झालेल्या खटल्याकडे वळू. ही सर्व हकीकत मी सांगावयास घेतली ती त्याच्याचसाठी.

प्लेस्टेशनवर खेळ अर्धा टाकून पुढे चालू करता यावा म्हणून त्याच्या नोंदी एका छोट्या कार्डावर साठवतात. कोणा व्यापाऱ्याने अशी कार्डे बाहेरून आणून जपानात विकावयास काढली, ज्यांवर नोंदी आधीच भरलेल्या होत्या. त्यांतील काही नोंदी वापरल्या की नायक शाळेत पाऊल टाकतो तोच जवळजवळ सर्व गुणांनी ओतप्रोत. ज्या मुलींनी पुढे केव्हातरी भेटावयाचे त्या आरंभीच दारात हजर. काही नोंदी तर याहून निर्लज्ज. त्या वापरल्या की खेळ सुरू होतो तोच निरोपाच्या दिवसाच्या उंबरठ्यावर, आणि शिओरी वृक्षाखाली येऊन कबुली देणार हे ठरलेले. न घोकलेला अभ्यास, न भोगलेला मनस्ताप, एकही बॉम्ब न विझवता पदरात पडलेली अर्धांगी! सरकारी खात्यात अशी थेट नेमणूक झाली, तर खालचे कारकून काय म्हणतात ते आपण जाणतो. कंपनीनेही तेच म्हटले आणि फिर्याद लावली.

ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने १९९७ मध्ये फिर्याद फेटाळली. त्या न्यायाधीशमहाशयांची बाजू मला समजते. कार्डाने खेळाच्या मूळ आज्ञावलीला नख लावलेले नव्हते. आकडे तर तिनेच चालवून घेतले. आणि एखाद्याने घरात बसून लबाडीने प्रेम मिळवले तर त्यात समाजाचे काय बिघडले? परंतु १९९९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निकाल फिरवून कंपनीला नुकसानभरपाई देवविली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथील तिसऱ्या लहान पीठाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी जो निर्णय दिला, तो प्रणयशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाने चौकटीत लावून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. जपानच्या लेखाधिकार कायद्याच्या विसाव्या कलमान्वये आपल्या कृतीत मनाविरुद्ध फेरफार होऊ न देण्याचा हक्क कर्त्याला आहे. न्यायमूर्तींनी असे ठरवले की, ते रकान्यांतील आकडे हीच नायकाची व्यक्तिरेखा होय, आणि त्या आकड्यांच्या चढउतारानुसार कथा कोणत्या मर्यादेत पुढे सरकावी हे कर्त्याने योजलेले आहे. कार्डाने ते आकडे बदलले, म्हणजे नायकच बदलला, आणि कथा योजिलेल्या मर्यादेबाहेर गेली. म्हणून केवळ असा फेरफार करण्यासाठीच बनवलेले कार्ड लोक वापरणार हे जाणून जो ते आयात करून विकतो, तो भरपाईस पात्र आहे.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च पीठाने, पूर्ण गांभीर्याने, असे शिक्कामोर्तब केले की शिओरी फुजिसाकीवर प्रेम करावयाचे तर घोकंपट्टी, व्यायाम, मनस्ताप आणि बाकीच्याजणींचे प्राणिसंग्रहालय या क्रमानेच करावे लागेल. वशिल्याची वाट बंद. हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने बरोबर की चूक, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला तो मनापासून पसंत आहे, मात्र कारण कायद्यातले नाही. ज्या हजारो मुलांनी खरोखरीच तीन वर्षे भरली, रात्री जागवल्या, आणि ‘रडव्या पुरुषांचे गीत’ ऐकून पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली, त्यांच्या त्या निरुपयोगी श्रमाला कोणीतरी अधिकृत दर्जा दिला. आकडे म्हणजेच व्यक्तिमत्त्व, हे मत इतरत्र ऐकले असते तर मी वाद घातला असता. पण शाळेच्या दाखल्यापासून पगारपत्रकापर्यंत ज्याच्या संबंध आयुष्याचा हिशेब रकान्यांतच झाला, त्याने कोणत्या तोंडाने वाद घालावा?

एक गोष्ट मात्र राहून गेली असे वाटते. अपमान कर्त्याचा झाला, भरपाई कंपनीला मिळाली. पण त्या कार्डापायी जिला अनोळखी मुलाला एका क्षणात ‘तू मला आवडतोस’ म्हणावे लागले, त्या शिओरीची कैफियत कोणत्याही न्यायालयाने नोंदवली नाही. ती पडद्यावरची असल्यामुळे तिला समन्स बजावण्यात अडचण होती, हे मला मान्य आहे. परंतु योशिओला साक्षीदार म्हणून बोलावले असते, तर त्याने आपली वही उघडून, अमुक तारखेपर्यंत सदर इसमाने सदर मुलीला एकदाही फोन केलेला नाही, हे पानावर बोट ठेवून सिद्ध केले असते, आणि जिल्हा न्यायालयातच खटल्याचा निकाल लागून सर्वांचा चार वर्षांचा खर्च वाचला असता.